सुट्टींतील उमेदवारी

उन्हाळ्याची सुट्टी लागली म्हणजे घरोघरीं एक जुना प्रश्न नव्यानें उभा राहतो: या मुलांनीं आतां शाळा उघडेपर्यंत करावें तरी काय? पहिले चार दिवस झोपेंत जातात, पुढचे चार आंब्यांत, नंतरचे कांहीं आजोळीं. आणि मग दुपारच्या उन्हांत बाहेर पडतां येत नाहीं म्हणून हातांतल्या मोबाइलकडे टक लावून बसणें हाच एक उद्योग उरतो. अलीकडे कित्येक पालक या काळांत आपल्या मुलांस एखाद्या कचेरींत किंवा संस्थेंत इंटर्नशिपसाठीं धाडूं लागले आहेत. या प्रकारास आपल्या भाषेंत एक जुनें व सोयीचें नांव आहे, तें म्हणजे उमेदवारी. हल्लीं उमेदवार म्हटला कीं निवडणुकीस उभा राहिलेला गृहस्थ डोळ्यांपुढें येतो. परंतु आपल्या पणजोबांच्या काळीं सरकारी कचेरींत बिनपगारी किंवा अल्प पगारावर नकला करीत बसणारा, आणि आज ना उद्यां आपली नेमणूक होईल या आशेवर दिवस काढणारा जो तरुण, त्यास उमेदवार म्हणत. शब्दाच्या पोटांतच उमेद आहे.

प्रस्तुत लेखांत उमेदवारीच्या एका विशेष प्रकाराचा विचार करावयाचा आहे. मोठ्या कंपनींत जाऊन धंद्याचे धडे घेणें हा त्याचा हेतु नव्हे. आपण ज्या आळींत, पेठेंत, वाडींत किंवा चाळींत राहतों तिच्याच उपयोगाचें एखादें काम, सुट्टीचे कांहीं आठवडे, ठरलेल्या वेळीं, एका जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं आणि शक्य तर ठरलेल्या मोबदल्यावर करणें, हें त्याचें स्वरूप होय. अशा कामानें मुलांचें काय होतें आणि त्या वस्तीचें काय होतें, हा प्रश्न वरकरणीं लहान दिसतो. पण अमेरिकेंतील कांहीं शहरांत तो अक्षरशः जीवनमरणाचा ठरला, आणि म्हणूनच तेथें त्याचा शोधही मोठ्या काटेकोरपणें घेतला गेला. प्रथम तिकडे वळूं.

शिकागो हें मिशिगन सरोवराच्या कांठचें मोठें उद्योगनगर. १८८९ सालीं जेन ॲडम्स व एलेन गेट्स स्टार या दोन मैत्रिणींनीं तेथील हॉल्स्टेड रस्त्यावर, परदेशांतून आलेल्या गरीब मजुरांच्या वस्तींत, हल-हाउस नांवाचें घर उघडलें. लंडनमध्यें १८८४ सालीं निघालेल्या टॉयन्बी हॉलचें उदाहरण त्यांच्यापुढें होतें. शिकलेल्या तरुण मंडळींनीं गरिबांच्या वस्तींत अधूनमधून दानधर्मासाठीं जाण्याऐवजीं तेथेंच बिऱ्हाड करावें, आणि शेजारी या नात्यानें जें करतां येईल तें करावें, अशी ही कल्पना. हल-हाउसमधील मंडळींनीं, कोणत्या घरांत कोणत्या देशाचें कुटुंब राहतें, त्याची आठवड्याची कमाई किती, याची तपशीलवार माहिती रंगीत नकाशांवर मांडून १८९५ सालीं ती पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. त्याच वर्षीं जेन ॲडम्स यांची त्या विभागाच्या कचरा-निरीक्षक म्हणून नेमणूक झाली, आणि सकाळीं सहा वाजतां उठून कचऱ्याच्या गाड्या वेळेवर निघतात कीं नाहीं हें त्या स्वतः पाहूं लागल्या. पुढें १९३१ सालीं या बाईंना शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. पण त्यांच्या चरित्रांतील हा कचऱ्याच्या गाडीमागून जाण्याचा भाग मला तरी त्या पारितोषिकाहून अधिक मोलाचा वाटतो. शेजार सुधारावयाचा तर आधीं त्याची मोजदाद करावी, त्याचा कचरा पाहावा, आणि हें रोजच्या रोज करावें, ही रीत त्या घरानें घालून दिली.

त्याच शिकागोच्या कांहीं वस्त्या एकविसाव्या शतकांत निराळ्याच कारणानें लोकांच्या तोंडीं झाल्या. तरुण मुलांतील मारामाऱ्या आणि गोळीबार तेथें नित्याचे होऊन बसले. तिकडील सुट्टी जून ते ऑगस्ट या महिन्यांत असते, आणि हेच महिने हिंसेच्या दृष्टीनें वर्षांतील वाईट महिने. अशा स्थितींत २०१२ सालीं शहराच्या वतीनें 'वन समर शिकागो प्लस' या नांवाची एक योजना हातीं घेण्यांत आली. ज्या वस्त्यांत हिंसा फार होती तेथील १३ हायस्कुलांतील मुलामुलींकडून सुट्टीतील कामासाठीं अर्ज मागविले. अर्ज आले १,६३४, आणि जागा त्याच्या निम्म्याहून कमी. तेव्हां ओळखीपाळखी किंवा परीक्षेचे गुण न पाहतां, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणें निव्वळ दैवयोगानें ७३० जणांची निवड केली. उरलेले ९०४ जण मागें राहिले.

येथें विद्यार्थिवर्गानें क्षणभर थांबून या चिठ्ठ्यांचें मर्म ध्यानांत घ्यावें. एरवीं एखाद्या मुलानें सुट्टींत चांगलें काम केलें आणि पुढें तो सन्मार्गानें चालला, तर तें कामामुळें झालें कीं तो मुळांतच चांगला होता म्हणून झालें, हें सांगतां येत नाहीं. परंतु चिठ्ठींत नांव येणें न येणें हें कोणाच्या गुणावगुणांवर अवलंबून नसल्यामुळें दोन्ही गटांत भलीं, अवखळ, हुशार, मंद अशीं सर्व प्रकारचीं मुलें सारख्याच प्रमाणांत विभागलीं जातात. पुढें त्या दोन गटांत जो ठळक फरक पडेल तो कामाच्या त्या संधीमुळेंच पडला, असें म्हणण्यास भक्कम आधार मिळतो. शेतकी खात्यांत नव्या खताची परीक्षा याच पद्धतीनें करतात.

निवड झालेल्या मुलांस आठ आठवडे, आठवड्याला २५ तास काम होतें. वेतन तासाला सव्वाआठ डॉलर, म्हणजे त्या राज्यांतील तेव्हांचें कायद्यानें ठरलेलें किमान वेतन. सर्व तास भरल्यास एकूण १,६५० डॉलर हातीं पडत. कामें अगदीं साधीं होतीं: पडीक जागा साफ करून तेथें वस्तीची बाग करणें, लहान मुलांच्या सुट्टीतील शिबिरांत मदतनीस होणें, नगरसेवकाच्या कचेरींत बसून लोकांच्या कामांत हातभार लावणें. मात्र साधारण दहा मुलांमागें एक वडीलधारा मार्गदर्शक नेमलेला होता. वेळेवर कसें यावें, वरिष्ठानें चूक दाखविली तर चिडल्यावांचून ती कशी ऐकून घ्यावी, न येणें झालें तर आगाऊ निरोप कसा द्यावा, हें तो शिकवी. निम्म्या मुलांस आठवड्यांतील पंधरा तास काम आणि उरलेले दहा तास राग व भावना आवरण्याचे विशेष वर्ग होते, आणि त्या वर्गांचेही पैसे मिळत.

पुढील सोळा महिने दोन्ही गटांची पोलिसांतील नोंद पाहण्यांत आली. सारा हेलर या विदुषीनें हा अभ्यास करून २०१४ च्या डिसेंबरांत 'सायन्स' या नियतकालिकांत तो प्रसिद्ध केला. ज्यांना कामाची संधी मिळाली होती त्यांच्यांत मारहाणीसारख्या हिंसक गुन्ह्यांबद्दल झालेल्या अटकांचें प्रमाण दुसऱ्या गटापेक्षां ४३ टक्क्यांनीं कमी भरलें. म्हणजे दर शंभर मुलांमागें जवळजवळ चार अटका टळल्या. चार हा आंकडा कोणास लहान वाटेल. ज्या चार घरांवरील तो प्रसंग टळला, आणि ज्यांना मार बसावयाचा तो बसला नाहीं, त्यांना तो लहान वाटणार नाहीं.

या निष्कर्षांतील दोन गोष्टी विशेष विचार करण्याजोग्या आहेत. पहिली अशी कीं ही घट मुख्यत्वें काम संपल्यानंतरच्या महिन्यांत दिसून आली. मुलें दिवसभर कामांत गुंतलीं म्हणून त्यांना भांडावयास वेळ उरला नाहीं, असा याचा सोपा अर्थ लावावा तर तो जुळत नाहीं. कारण आठ आठवडे सरले, वेतन थांबलें, हातीं रिकामा वेळ आला, आणि तरीही त्यांचें वागणें बदललेलेंच राहिलें. दुसरी गोष्ट अशी कीं राग आवरण्याचे विशेष वर्ग ज्यांना मिळाले त्यांच्यांत आणि ज्यांनीं नुसतें काम केलें त्यांच्यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. म्हणजे फळ्यापुढें बसून जें शिकवावयाचें तें बागेंतील मातींत आणि कचेरीच्या टेबलाशीं, एका वडीलधाऱ्याच्या नजरेखालीं, आपोआप शिकलें जात होतें. शिक्षकाच्या पेशांतील माणसास हें लिहितांना थोडा संकोच वाटतो, पण आहे तें असें आहे.

पैशाच्या दृष्टीनें पाहणाऱ्या पालकांस मात्र हे अभ्यास निराश करतील. न्यूयॉर्क शहरांत सुट्टीतील कामाची अशीच योजना फार वर्षें चालत आली आहे, आणि तेथेंही अर्ज जास्त व जागा कमी असल्यानें निवड सोडतीनेंच होते. २००५ ते २००८ या चार वर्षांतील लाखों अर्जदारांची पुढील माहिती तपासली तेव्हां असें आढळलें कीं निवड झालेल्यांत तुरुंगांत जाण्याचें प्रमाण कमी, आणि अकालीं मृत्यूचें प्रमाणही कमी. परंतु पुढील वर्षांतील त्यांची कमाई कांहीं वाढली नाहीं. शिकागोमध्येंही शाळेंतील प्रगतींत किंवा पुढील नोकरींत सरासरीनें लाभ दिसला नाहीं. तेव्हां "यानें पुढें पगार किती वाढेल?" हा ज्यांचा पहिला प्रश्न असेल त्यांना प्रामाणिक उत्तर असें कीं तशी हमी देतां येत नाहीं. मुलगा जिवंत व मोकळा राहण्याचा संभव वाढतो, एवढेंच.

मग हें घडतें तरी कशामुळें? याचा थोडा उलगडा बोस्टन शहरांतील अभ्यासानें होतो. तेथें २०१५ च्या उन्हाळ्यांत काम करणाऱ्या मुलांना आरंभीं व शेवटीं प्रश्न विचारण्यांत आले. ज्या मंडळांत किंवा वस्तींत आपण वावरतों त्यांना आपणही कांहीं देऊं शकतों, असें वाटणाऱ्यांची संख्या उन्हाळ्याच्या अखेरीस वाढली होती. राग आवरणें, मोठ्यांकडे मदत मागणें, यांतही सुधारणा होती. पुढें न्यायालयांतील नोंदी पाहतां, सोडतींत निवड झालेल्या मुलांवर हिंसक गुन्ह्यांचे आरोप दाखल होण्याचें प्रमाण ३५ टक्क्यांनीं कमी आढळलें. आपलें येथें कांहीं काम आहे, आपल्यावांचून येथें कांहीं अडेल, ही जाणीव आणि वागण्यांतील बदल या दोहोंची सोबत त्या आंकड्यांत दिसते.

बोस्टनमध्येंच डडली रस्त्याची वस्ती आहे. एके काळीं तेथें जळालेल्या व पाडलेल्या घरांच्या सुमारें १,३०० मोकळ्या जागा पडल्या होत्या, आणि बाहेरचे लोक खुशाल तेथें कचरा आणून टाकीत. १९८४ सालीं रहिवाश्यांनीं आपली संघटना काढली. १९८६ सालीं "आमच्यावर कचरा टाकूं नका" अशी मोहीम चालविली. आणि १९८८ सालीं तर त्या पडीक जागा सार्वजनिक हितासाठीं ताब्यांत घेण्याचा अधिकारच शहराकडून मिळविला. या संघटनेची एक गोष्ट आपल्याकडील मंडळांनीं पाहून घ्यावी: तिच्या कार्यकारी मंडळावर वस्तींतील तरुणांसाठीं जागा राखून ठेवलेल्या आहेत, आणि त्यांना इतर सभासदांप्रमाणें मत देतां येतें. आपल्या उत्सवमंडळांत मुलें मांडवाचे वासे वाहतात, वर्गणीच्या पावत्या फाडतात, रात्र रात्र जागतात. पण हिशेबाच्या बैठकींत त्यांना कोण विचारतो?

या सगळ्याशीं आपला संबंध काय, असें कोणी म्हणेल. तो वाटतो त्याहून जवळचा आहे. हल-हाउससारख्या घरांची कल्पना १९२० नंतरच्या दशकांत मुंबईस आली. शिकागोंत शिक्षण घेतलेले डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनीं अमेरिकन मराठी मिशनच्या वतीनें नागपाड्यांत 'नागपाडा नेबरहुड हाउस' उभें केलें. नाना धर्मांच्या व नाना भाषांच्या गरीब कुटुंबांनीं गजबजलेल्या त्या वस्तींत तें शेजारघर होऊन राहिलें. तेथेंच १९३६ सालीं सर दोराबजी टाटा यांच्या नांवानें समाजकार्याचें विद्यालय निघालें, डॉ. मॅन्शार्ट त्याचे पहिले संचालक झाले, आणि १९४४ पासून त्यासच टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस असें नांव मिळालें. वस्तींत जाऊन काम करणें हा तेथील शिक्षणाचा आवश्यक भाग ठरला. घाटावर कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं तर १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढून 'कमवा आणि शिका' हा मार्ग रूढ केला. तेथील विद्यार्थी शेतांत राबले, इमारतींसाठीं दगडमाती वाहिली, आणि त्या श्रमांवर शिकले. तेव्हां ही रीत आपल्या मातींत रुजणारी आहे, याबद्दल शंका नको.

अर्थात् तिकडील योजना जशीच्या तशी येथें उचलून आणतां येणार नाहीं. पहिली अडचण उन्हाची. आमची सुट्टी ऐन मे महिन्यांत. तेव्हां काम सकाळीं सात ते दहा, फार तर संध्याकाळीं तासभर, एवढेंच असावें. दुसरी गोष्ट कायद्याची. बालमजुरीविषयींचा १९८६ चा कायदा २०१६ सालीं सुधारण्यांत आला. त्यान्वयें १४ वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास मनाई आहे, आणि १४ ते १८ वर्षांच्या मुलांस धोक्याच्या कामावर लावतां येत नाहीं. म्हणून हायस्कुलांतील वरच्या वर्गांतील मुलांचाच येथें विचार करावा, धाकट्यांनीं खेळावें. मोबदल्याचा प्रश्न नाजूक आहे. सुखवस्तु घरांतील मुलास पैसे न मिळाले तरी चालतें. पण ज्याच्या घरीं सुट्टी म्हणजे चार पैसे मिळविण्याचा काळ, त्याला फुकट सेवेचें निमंत्रण देणें म्हणजे त्यास दाराबाहेर ठेवणेंच होय. निदान येण्याजाण्याचा खर्च, न्याहारी आणि थोडें विद्यावेतन, एवढी तरतूद वस्तींतील मंडळींनीं वर्गणी करून ठेवावी असें माझें मत आहे.

आणि काम खरें असावें. हें मी अनुभवानें लिहीत आहें. कांहीं वर्षांपूर्वीं सहा विद्यार्थ्यांची सुट्टीपुरती सोय लावण्याचें काम माझ्याकडे आलें. पहिल्यानें मीं त्यांना एका संस्थेंत पाठविलें. तेथें त्यांचें स्वागत झालें, छायाचित्र निघालें, आणि नंतर त्यांना एका खोलींत बसवून जुन्या पाकिटांवर पत्ते चिकटवावयास दिलें. चौथ्या दिवशीं पाकिटें संपलीं. पुढें तीन आठवडे मुलें पंख्याखालीं बसून होतीं. त्यांना काय हवें, काय येतें, हें विचारणारा कोणी नव्हता. अखेरीस प्रत्येकास एक सुबक प्रशस्तिपत्र मिळालें, त्यावर एकाचें नांवही चुकलेलें होतें. त्या मुलांनीं मला दोष दिला नाहीं, पण पुढच्या वर्षीं त्यांतले चौघे आलेच नाहींत.

दुसऱ्या वर्षीं मीं उरलेल्या दोघांना व आणखी तिघांना घेऊन आमच्याच पेठेंतील एका जुन्या वाचनालयांत गेलों. तेथील ग्रंथपाल वयस्क, स्वभावानें करडे. त्यांनीं मुलांस आपादमस्तक न्याहाळलें आणि विचारलें, "जिना चढतां येतो का?" झालें होतें असें कीं वाचनालयाचे बरेच जुने वर्गणीदार आतां सत्तरीच्या पलीकडे गेले होते, गुडघे दुखत म्हणून कोणी येत नसे, आणि वर्गणी मात्र जुन्या सवयीनें भरीत. ग्रंथपालांनीं अशा एकोणीस जणांची यादी काढली. प्रत्येक मुलाच्या वांट्याला तीन-चार घरें आलीं. आठवड्यांतून दोनदां जावयाचें, वाचलेलें पुस्तक परत आणावयाचें, काय आवडलें व काय नको हें वहींत लिहून आणावयाचें, आणि त्यावरून पुढचें पुस्तक स्वतः निवडून द्यावयाचें. पुस्तक चुकीचें गेलें तर ग्रंथपाल मुलाला बोलत; दोन दिवस उशीर झाला तर वर्गणीदार आजोबा बोलत. एका मुलास तर पहिल्याच फेरींत "हें मीं तुझा बाप जन्मण्यापूर्वीं वाचलें आहे" असें ऐकावें लागलें, आणि त्या दिवसापासून तो पुस्तक देण्याआधीं त्याची पहिली दहा पानें वाचून पाहूं लागला. मोबदला म्हणून वाचनालयानें महिन्याला थोडी रक्कम आणि वर्षाची मोफत वर्गणी दिली. सहा आठवड्यांत कोणाच्या जिन्यांतील दिवा गेलेला आहे, कोणाला औषध आणून देणारें कोणी नाहीं, कोणाच्या घरीं नळाला पाणी किती वाजतां येतें, हें सारें त्या पांच मुलांना पाठ झालें होतें.

जूनच्या मध्यास शाळा उघडली आणि ठरल्याप्रमाणें काम बंद झालें. पावसाला चांगली सुरुवात झाल्यावर एके दिवशीं ग्रंथपालांचा मला निरोप आला. दुसऱ्या मजल्यावरील एका आजीबाईंनीं विचारणा केली होती, कीं पुस्तकवाला मुलगा दोन आठवडे आला नाहीं, तो आजारी तर नाहीं ना? मीं त्या मुलाला वर्गाबाहेर बोलावून निरोप सांगितला. तो म्हणाला, "सर, मीं तर तिसऱ्या खंडावर येऊन थांबलों होतों, चौथा त्यांना कोणी दिलाच नाहीं वाटतें." त्या शनिवारीं शाळा सुटल्यावर दप्तरांत प्लास्टिकच्या पिशवींत गुंडाळलेला चौथा खंड घेऊन तो गेला, आणि त्यानंतर दर शनिवारीं जात राहिला.